लांच देऊन घेतलेला दाखला

जें दुष्कर्म आपण केलेंच नाहीं, तें केल्याचा दाखला एखाद्यानें पैसे भरून घेतला, तर तो दोषी कीं निर्दोष? इ. स. 250 सालीं रोमन बादशाहींतील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांपुढें हा प्रश्न खरोखरच येऊन ठेपला होता.

त्या काळीं ती बादशाही मोडकळीस आली होती. 235 सालीं शिपायांनीं आलेक्झांडर सेव्हेरस बादशहास ठार मारिलें, आणि पुढें सुमारें पन्नास वर्षें तख्त हें सैन्याच्या हातचें खेळणें झालें. 238 या एकाच सालीं सहा जण बादशहा म्हणविले गेले! उत्तरेकडून गॉथ व पूर्वेकडून इराणी चाल करून येत. नाण्यांतील रुपें कमी कमी होत गेलें. त्यांत महामारीची भर पडली.

249 सालीं गादीवर आलेल्या डेशियस बादशहानें हुकूम सोडिला कीं, प्रत्येकानें देवांस यज्ञ करावा, यज्ञाचें मांस चाखावें, आणि नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. असे चाळिसांहून अधिक दाखले मिसर देशांत सांपडले आहेत. त्यांतील एक तर मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. जिचें कामच देवपूजा, तिलाही कागद हवाच. भ्यालेल्या सरकारचा विश्वास हा असा!

कार्थेज शहरांत कित्येक ख्रिस्ती जन, बोलावणें येण्यापूर्वींच, वेदीकडे धांवले. कित्येक तुरुंगांत गेले. परंतु कांहींनीं तिसरीच वाट काढिली. त्यांनीं यज्ञ केला नाहीं. अधिकाऱ्याचा हात ओला करून कागद तेवढा मिळविला. आम्ही ख्रिस्ती आहों, आम्हांस यज्ञ करितां येत नाहीं, म्हणूनच पैसे भरिले, असें त्यांचें म्हणणें होतें.

हा बचाव अगदींच पोकळ आहे असें मी म्हणणार नाहीं. त्यांचे हात खरोखरच विटाळले नव्हते. पण कागदावर नांव कोणाचें होतें? ज्या गरीब बंधूपाशीं लांच देण्यास दमडी नव्हती, त्याला शेजारचा सधन विश्वासणारा यज्ञ करून आला असेंच वाटलें असेल. मग त्याचे पाय कशाच्या बळावर टिकावे? तोंडानें न बोलतांही मनुष्य खोटें बोलूं शकतो, असें मला वाटतें.

251 सालीं डेशियस गॉथांशीं लढतांना पडला, आणि मंडळींत वाद पेटला. पतितांस पुनः घेऊंच नये, असें रोम येथील नोव्हेशियन म्हणे. कित्येकांस तत्काळ क्षमा हवी होती. कार्थेजचा बिशप सिप्रियन व त्याच्या सोबतच्या बिशपांनीं ठरविलें कीं, प्रत्येकाची चौकशी निराळी व्हावी. कागद घेणाऱ्यांस चौकशीअंतीं परत घ्यावें. यज्ञ करणाऱ्यांनीं दीर्घकाळ पश्चात्ताप करावा, मात्र मरणाच्या दारीं कोणास झिडकारूं नये. आपण होऊन धांवलेला आणि पुष्कळ छळ सोसून अखेर मोडलेला, यांस एकच माप कसें लावावें? गांवांतील तंटे ऐकणाऱ्या उपदेशक बंधूंस हें काम किती जिकिरीचें तें ठाऊक आहे. सर्वांस एकच नियम लावून मोकळें होणें फार सोपें!

सिप्रियन स्वतः त्या छळांत लपून राहिला होता, आणि लोक त्याला त्यावरून टोचीतही. त्यानें घर सोडिलें, त्याची मालमत्ता जप्त झाली. पण खोट्या कागदावर त्यानें नांव घातलें नाहीं. व्हॅलेरियन बादशहाच्या अमदानींत 258 सालीं त्याला सुभेदारापुढें उभें केलें. यज्ञ कर, असें फर्माविलें असतां त्यानें नकार दिला, आणि 14 सप्टेंबर रोजीं तरवारीनें त्याचा शिरच्छेद झाला.