आधी फोटो फिरवून पाहा

दिवाळीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्याला बहिणीकडे गेलो होतो. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने मोबाईल पुढे केला. चांद्रयान-३ उतरण्याच्या दोन दिवस आधी, २१ ऑगस्ट २०२३ रोजी, इस्रोने चंद्राचे फोटो प्रसिद्ध केले होते, त्यातला एक. “मामा, याला खड्डे म्हणतात? हे तर फुगवटे आहेत. फोटोत काहीतरी केलंय.”

मी पाहिलं. भाकरीला फोड यावेत तसे उंचवटे मलाही दिसले. मग मोबाईल उलटा धरला आणि सगळे फोड खळगे झाले. भाचा गप्प झाला.

प्रकाश वरून येतो असं धरून चालायचं, ही आपल्या मेंदूची पक्की सवय. खालचा काठ उजळ आणि वरचा काळोखा दिसला की खळगा, उलट असलं की उंचवटा, असा निकाल तो परस्पर देऊन टाकतो. फोटोत ऊन खालच्या बाजूने आलेलं असलं की हा निकाल चुकतो. उपग्रहाच्या नकाशातही हेच घडतं. सकाळचं ऊन बहुधा आग्नेयेकडून येतं आणि नकाशात उत्तर वर असते. मग अकोले तालुक्यातलीच सांदण दरी डोंगराच्या धारेसारखी भासू शकते आणि कळसूबाईची रांग खोल घळीसारखी. दरीजवळच्या साम्रद गावच्या माणसाला हे कुणी सांगितलं तर तो हसेल. तो त्या दरीत उतरलेला असतो.

याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दोरीवर भासणाऱ्या सापाचा दृष्टान्त तिच्यात येतो. दोरी ओळखली की साप उरत नाही. चंद्राच्या फोटोचं तसं नाही. मोबाईल पुन्हा सरळ केला आणि आम्हा दोघांना पुन्हा फुगवटेच दिसले. कारण कळलं तरी डोळा सुधारत नाही. म्हणून शहाणपण एकदा येऊन भागत नाही, ते दर वेळी वापरावं लागतं.

बनावट फोटो असतात, म्हणून शंका घ्यावीच. पण शंका आली की पहिली तपासणी आपल्याच नजरेची व्हावी. बांधावरून भावाशी बोलणं तुटतं तेव्हा आपण त्याची बाजू किती वेळा त्याच्या शेतात उभं राहून पाहिलेली असते? समोरच्याला खोटं म्हणणं सोपं आहे, पण तो शब्द परत घेता येत नाही. तो तोंडातून जाण्याआधी फोटो एकदा फिरवून पाहा.