पाणी किती घालावे?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील काळी जमीन पाणी फार काळ धरून ठेविते. तीत निशिगंधाचे कंद लावणाऱ्याने हे ध्यानी धरावे. मूळचे मेक्सिकोतील हे झाड काटक आहे. ओलावा त्यास प्रिय, परंतु पाणी साचले की मुळांस हवा मिळत नाही व कंद कुजतो. म्हणून जाणता माळी वाफा उंच करितो, शेणखत घालितो, आणि हिवाळ्यात पाने पिवळी पडली म्हणजे पाणी तोडितो. पाहणारास तो निर्दय वाटेल.

प्रिय वाचकहो, लेकरास वा शेजाऱ्यास मागेल तितके देणे, हीच दया काय? देणे सोपे, त्याने त्याचे मूळ जगते की कुजते, हे पाहणे कठीण. तथापि तहानेल्यास नाकारण्याचे हे निमित्त होऊ नये. आधी माती हाताने चाचपून पाहावी.