देह रंगवावा की आत्मा?

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘फ्रा लिप्पो लिप्पी’ ही कविता 1855 साली ‘मेन अँड विमेन’ या संग्रहात आली. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्सचा हा चित्रकार कार्मेलाइट पंथाचा संन्यासीही होता. रात्री वासनेपोटी मठाबाहेर भटकताना पहारेकऱ्यांनी पकडल्यावर तो जे बोलत सुटतो, तीच ही कविता.

कवी त्याची वकिली करत नाही, बोलू देतो. अनाथ, उपाशी पोराला आठव्या वर्षी मठात भाकरी मिळाली आणि तिच्या बदल्यात संन्यास पदरी पडला. त्याआधी रस्त्यावर कोण अर्धवट खाल्लेली द्राक्षे टाकील आणि कोण लाथ घालील, हे तो चेहऱ्यांवरून ओळखायला शिकला होता. चित्रकाराची नजर भुकेतून घडली, हे कळताच त्याच्या स्खलनाचा न्याय करणे वाचकाला अवघड होते. सहानुभूतीचे खरे मूळ इथे आहे. जिवंतपणा येतो तो बोलण्याच्या लयीतून: अडखळणे, मध्येच गाण्याची ओळ गुणगुणणे, पहारेकऱ्याच्या चेहऱ्यात चित्राचा विषय दिसणे.

मठाधिपतीला हुबेहूब देह नको असतात. चित्राने आत्मा दाखवावा, असा त्याचा आग्रह. लिप्पोचे उत्तर धर्माच्या आतूनच येते. सृष्टी ईश्वराने घडवली असेल, तर तिचे रूप तुच्छ कसे? रोज नजरेआड होणारे सौंदर्य चित्रात आले की माणूस ते प्रथमच पाहतो, आणि लिप्पोच्या लेखी हीच ईश्वरसेवा. हा युक्तिवाद त्याच्या वासनेलाही सोयीचा आहे. ब्राउनिंग ते लपवत नाही, म्हणूनच हा युक्तिवाद पटतो.