उरलंसुरलं आकर्षण

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात दोन सूत्रं हमखास डोळ्यांत भरतात. एक न्यूटनचं गुरुत्वाकर्षणाचं, दुसरं कूलोंबचं विद्युतभारांचं. दोन्हींत छेदात अंतराचा वर्ग, वर दोन राशींचा गुणाकार. एकीकडे वस्तुमानं, दुसरीकडे भार. प्रयोगही एकाच वळणाचे. कूलोंबने १७८५ मध्ये विजेचं बल मोजलं ते तारेला बसणाऱ्या पिळावरून, आणि कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजलं तेही पिळावरूनच. मग ही दोन बलं मुळात एकच तर नसतील? ही शंका ज्याला कधी चाटूनही गेली नाही, त्याने सूत्रं पाठ केली असतील, वाचली नसतील.

१८३६ मध्ये ओत्ताव्हियानो मोसोत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने या शंकेला हिशेबाचं रूप दिलं. त्याची भाषा ईथरच्या कणांची होती. आजच्या भाषेत ती कल्पना अशी मांडता येईल. प्रत्येक पदार्थात धन आणि ऋण भार सारखेच असतात. दोन वस्तूंमधले सजातीय भार एकमेकांना ढकलतात, विजातीय ओढतात, आणि जमाखर्च शून्यावर येतो. पण ओढ ही ढकलण्यापेक्षा केसभर जास्त असली तर? थोडी ओढ शिल्लक राहील. ती शिल्लक म्हणजेच गुरुत्वाकर्षण.

केसभर म्हणजे किती? दोन प्रोटॉनांमधलं विजेचं बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्यं इतकी पट आहे. म्हणजे जमाखर्चातली तफावत ३६ व्या दशांश स्थळी. इतका बारीक फरक ‘नाही’ असं कुठल्याही प्रयोगशाळेत थेट दाखवणं अशक्यच. ही कल्पना इतकी वर्षं तग धरून राहिली याचं अर्धं रहस्य मला यातच दिसतं.

मायकेल फॅरडेला सूत्रांचं वावडं. त्याने सरळ वस्तू खाली टाकून पाहिल्या. १८४९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानगृहात, उंचावरून, तांबं, बिस्मथ, लोखंड अशा धातूंचे तुकडे तारेच्या वेटोळ्यात बसवून वेटोळ्यासकट खाली गादीवर टाकले जात आणि वेटोळ्याला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो का ते तो पाही. चुंबक हलवला की वीज निर्माण होते, मग वस्तू पडताना का होऊ नये? काटा हलला तर आधी आपल्याच मांडणीत दोष शोधायचा, ही त्याची शिस्त. शेवटी हाती शून्य आलं, ते त्याने जसंच्या तसं छापलं. मात्र दोन्ही बलांचं नातं असणार ही आपली भावना यामुळे ढळलेली नाही, असंही लिहिलं. १८५९ मध्ये तो लंडनच्याच बंदुकीचे छरे बनवण्याच्या मनोऱ्यात शिशाची वजनं वर-खाली करत होता. पुन्हा शून्य. तो निबंध शास्त्रज्ञ स्टोक्सच्या सल्ल्यावरून त्याने मागे घेतला. नकारार्थी निकालही छापावेत असं आज सगळे म्हणतात. तेव्हा मात्र फॅरडेलाही थांबावं लागलं.

पुढे लाइपझिगच्या झॉलनरने १८८२ मध्ये मोसोत्तीचा धागा उचलला. हाच झॉलनर प्रेतात्म्यांच्या बैठकांना शास्त्रीय आधार शोधत होता, हे त्याच्या पथ्यावर पडणारं नव्हतं. पण १९०० मध्ये लोरेंट्झने तोच विचार केला, आणि लोरेंट्झला चक्रम म्हणायची कोणाची टाप नव्हती. त्याने आपली समीकरणं बुधाच्या कक्षेला लावून पाहिली. कक्षेच्या गतीतला जो फरक न्यूटनच्या नियमात बसत नव्हता, त्याला त्याचं उत्तर फारच तोकडं पडलं.

खरी परीक्षा मात्र बुधावर नव्हती, तराजूत होती. ओढ भारांमुळे असेल तर वजन भारांच्या संख्येवर ठरायला हवं. गंमत म्हणजे १९३२ पर्यंत हे गणित बऱ्यापैकी जुळत होतं! अणुकेंद्रात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनच असतात अशी समजूत होती. शिशाच्या केंद्रात २०८ प्रोटॉन आणि १२६ इलेक्ट्रॉन. धनभारांची संख्या आपोआप अणुभाराइतकी. मग चॅडविकला भाररहित न्यूट्रॉन सापडला आणि हा आधार निखळला. त्याआधीही एक फट होतीच. हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हेलियमचा एक अणू सुमारे ०.७ टक्क्याने हलका भरतो, कारण बांधणीत बाहेर पडलेली ऊर्जा वस्तुमानातून वजा होते. ही घट प्रत्येक मूलद्रव्यात निराळी. भार मोजून वजन ठरत असतं, तर बुडापेस्टच्या इओत्वोशला विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगवेगळ्या पदार्थांमध्ये हा फरक ठळक दिसला असता. त्याचा तराजू कोट्यवधीत एका भागाचा फरक टिपत होता. त्याला तो दिसला नाही.

तरीही उदासीन अणूंमध्ये उरलंसुरलं विद्युत आकर्षण असतं, हा मोसोत्तीचा अंदाज खोटा नव्हता. १९३० मध्ये फ्रिट्झ लंडनने ते दाखवून दिलं. अणूतला इलेक्ट्रॉनांचा पसारा क्षणभर एका बाजूला झुकतो, शेजारच्या अणूतला पसारा त्याला प्रतिसाद देतो, आणि दोघांत बारीकशी ओढ तयार होते. भिंतीवरची पाल मुख्यतः याच बलावर छताला उलटी चिकटून राहते. पण अंतर दुप्पट केलं की हे बल १२८ पट कमी होतं. गुरुत्वाकर्षण फक्त चौपट. हाताच्या अंतरावर मागमूस उरत नाही, मग चंद्रापर्यंत कुठून पोचणार? शिवाय ते पदार्थ बघून वागतं, झेनॉनमध्ये जास्त, हेलियममध्ये कमी. गुरुत्वाकर्षण कोणाची जात विचारत नाही.

फ्रेड हॉइल आणि कोल्हापूरचे जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये वेगळीच वाट धरली. विजेतून गुरुत्वाकर्षण काढायचं नाही. व्हीलर आणि फाइनमन यांनी विद्युतबल जसं कणाकणांमधला थेट व्यवहार म्हणून लिहिलं होतं, तसं गुरुत्वाकर्षण लिहायचं. त्यांचा सिद्धांत मुख्य प्रवाहात आला नाही, पण तिथे सूत्रांमधलं साम्य पद्धत म्हणून वापरलं आहे, कारण म्हणून नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

अणूंतल्या विजेतून गुरुत्वाकर्षण काढणारे सिद्धांत आजही लिहिले जातात. त्यांना पहिला प्रश्न मायक्रोस्कोप या फ्रेंच उपग्रहाचा विचारावा. २०१६ मध्ये सोडलेल्या या उपग्रहात दोन नळकांडी होती, एक मुख्यतः टायटॅनियमचं, दुसरं प्लॅटिनमचं. टायटॅनियममध्ये वस्तुमानाच्या दर १०० एककांमागे सुमारे ४६ प्रोटॉन, प्लॅटिनममध्ये ४०. दोन्ही नळकांडी पृथ्वीभोवती फिरताना सतत पडत होती, आणि १५ व्या दशांशापर्यंत मोजूनही त्यांच्या पडण्यात फरक सापडला नाही.