अनामिक बालिकेचे ऋण

गेल्या वर्षी मृतांच्या स्मरणदिनी सायंकाळची मिस्सा आटोपून मी पूजावस्त्रे उतरवीत होतो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती कंपवातावर, म्हणजे पार्किन्सनच्या विकारावर, प्रयोगशाळेत संशोधन करते. ती म्हणाली, ‘‘फादर, मी ज्या पेशींवर काम करते त्या मुळात एका चार वर्षांच्या मुलीच्या आहेत. दर आठवड्याला मी त्या वाढवते आणि उरलेल्या ब्लीच ओतून टाकून देते. आज दफनभूमीत मेणबत्त्या लावताना मला त्या मुलीची आठवण आली. माझ्या हातून काही पाप तर घडत नाही ना?’’

घाईने उत्तर द्यावे असा हा प्रश्न नव्हता. प्रथम वस्तुस्थिती पाहू.

१९७० साली अमेरिकेत न्यूरोब्लास्टोमा झालेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेचा नमुना घेण्यात आला. चेतासंस्थेच्या अपक्व पेशींचा हा कर्करोग बहुधा पाच वर्षांखालील बालकांना गाठतो. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील जून बीडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पेशी काचपात्रात जगविल्या. १९७३ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली, आणि त्यांतूनच निवडून वेगळा केलेला ‘एसएच-एसवाय५वाय’ हा पेशीवंश १९७८ साली पुढे आला. जिवंत माणसाच्या मेंदूतील पेशी प्रयोगासाठी काढून घेता येत नाहीत. या पेशींना मात्र रेटिनॉइक आम्ल दिले की त्यांना तंतू फुटतात आणि त्या चेतापेशींसारख्या वागू लागतात. म्हणूनच कंपवात व स्मृतिभ्रंश यांच्या अभ्यासासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत त्या आजही वाढविल्या जातात. त्या मुलीचे वय आणि आजार नोंदींत आहे. नाव नाही.

‘मानवी पेशी’ हे शब्द ऐकताच पुष्कळ श्रद्धावंतांना गर्भपाताची शंका येते, आणि ती अगदीच निराधार नाही. ‘एमआरसी-५’ सारखे काही पेशीवंश खरोखरच गर्भपातित बालकांच्या ऊतींपासून तयार झाले, आणि त्यांच्या वापराविषयी ख्रिस्तसभेने २००८ सालच्या ‘दिग्नितास पर्सोने’ या दस्तऐवजात गंभीर विचार मांडला आहे. प्रस्तुत प्रश्न तसा नाही. येथे त्या पेशी मिळविण्यासाठी कोणाचा जीव घेतलेला नाही. एका जन्मलेल्या, आजारी लेकराच्या व्याधीचा तो अंश आहे.

मग त्या पेशी म्हणजे ती मुलगी काय? सेमिनरीत आम्ही शिकलो की आत्मा हा संपूर्ण देहाचे जीवनतत्त्व आहे. देहापासून तुटलेला हात केवळ नावापुरता हात उरतो, हे ॲरिस्टॉटलचे मत संत थॉमस अक्विनसनेही स्वीकारले. काचपात्रातील पेशी जगते, दुभंगते, वाढते, पण ती व्यक्ती नव्हे. त्या पेशींत गुणसूत्रेही ४६ नसून ४७ आहेत. तेथे वाढतो आहे तो त्या मुलीचा विकार. त्यामुळे पेशी नष्ट करण्यात त्या तरुणीच्या हातून पाप घडत नाही, हे मी तिला निःशंकपणे सांगितले.

तरीही तिची अस्वस्थता मला खोटी वाटली नाही. पेशी व्यक्ती नसली तरी ती एका व्यक्तीकडून आली आहे. येथे देणे आणि घेणे यांतील फरकाचा प्रश्न उभा राहतो. जे मागून मिळते ते दान. न मागता उचलले ते कितीही क्षुल्लक असले तरी दान होत नाही. आणि त्या काळी रुग्णाच्या उरलेल्या ऊती संशोधनासाठी ठेवताना वेगळी अनुमती विचारण्याची रीत नव्हती. १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय मातेच्या कर्करोगाच्या पेशी अशाच तिच्या नकळत घेतल्या गेल्या. त्या पेशी जगभर पोहोचल्या, पण तिच्या मुलाबाळांना वीस वर्षांहून अधिक काळ त्याचा पत्ता नव्हता. त्या पेशींच्या जनुकीय माहितीच्या वापराबाबत तिच्या कुटुंबीयांना विश्वासात घेतले गेले ते २०१३ साली.

यावर कोणी म्हणेल, ‘‘पण भले झाले ना?’’ निश्चितच झाले. रेटिनॉइक आम्लाने न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींची बेबंद वाढ मंदावते, हे प्रथम अशा पेशीवंशांवरच दिसून आले. पुढे त्याच जातीचे औषध गंभीर न्यूरोब्लास्टोमा झालेल्या बालकांना देण्यात आले आणि त्याचा लाभ होतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. काही बालकांच्या दुखण्यातून इतर बालकांना औषध मिळाले. परंतु चांगले फळ दाखवून मुळातील उणीव झाकता येत नाही. त्या उणिवेने फळ विषारीही होत नाही. ते फळ खाणाऱ्यावर ऋण मात्र चढते.

हे ऋण कसे फेडावे? त्या मुलीला आता कोणी विचारू शकत नाही. परंतु आज ज्या लेकरावर शस्त्रक्रिया होत आहे, त्याच्या आईवडिलांना विचारता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची अनुमती तर हवीच, शिवाय सात वर्षांवरील मुलाचीही तयारी विचारावी लागते. चिंतेने खचलेल्या पालकांपुढे कागद सरकवून सही घेणे म्हणजे विचारणे नव्हे. त्यांच्या भाषेत, त्यांना ‘नाही’ म्हणता येईल अशा रीतीने विचारले पाहिजे. आणि पालकहो, कोणी असे विचारले तर भिऊ नका. समजून घ्या, आणि मन मानत असेल तर उदारपणे द्या. संशोधकाचेही ऋण आहेच. निष्काळजीपणे केलेला प्रयोग किंवा खोटा निष्कर्ष हा त्या अनामिक देणगीचा अपमान आहे.

पाच हजारांच्या भोजनाची कथा आपण सारे जाणतो. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या एका मुलाजवळ होत्या, हे फक्त संत योहान सांगतो. त्या मुलाचे नाव मात्र तोही सांगत नाही. मुलाला कोणी विचारले का, नंतर त्याचे आभार मानले का, हेही शुभवर्तमानात नाही. एवढे मात्र आहे की, प्रभूने त्या भाकरी हाती घेऊन प्रथम परमेश्वराचे आभार मानले आणि सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करविले. आभार मानून घेणे आणि वाया न घालविणे, हे दोन्ही त्या तरुणीला तिच्या काचपात्रापाशी करता येण्यासारखे आहे.

निघताना तिने विचारले, ‘‘फादर, तिच्यासाठी मिस्सा मागता येईल का? ती वारली की जगली, तेही मला ठाऊक नाही.’’ मी म्हटले, प्रार्थनेला त्याची अडचण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेत मी इतर नावांबरोबर ‘एक अनामिक बालिका’ असे वाचले. मिस्सेनंतर दोन-तीन मातांनी मला विचारले, ‘‘कोणाची हो ती?’’ त्यांना उत्तर देता देता हा लेख सुचला.