कांटा हालत नाहीं

गतवर्षीं पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्याचा प्रसंग आला असतां, उपासना आटोपल्यावर एका वडील भगिनीनें आम्हांस ओसरीवर थांबवून घेतलें. तिचे गुडघे धरले होते, आणि रक्तांतील साखर मधुमेहाच्या सीमेपर्यंत आली आहे, वजन उतरविलें पाहिजे, असें डॉक्टरांनीं तिला बजावलें होतें. तिनें चहांतील साखर सोडली, रात्रीची एक भाकर कमी केली व पहांटे ओढ्यापर्यंत चालावयास जाण्याचा नेम धरिला. तीन आठवडे लोटले. परंतु उपकेंद्रांतील वजनाचा कांटा होता तेथेंच. ती म्हणाली, “पाळकबाबा, मी एवढें सोसतें, तें देवाला दिसत नाहीं काय?”

आम्हीं त्या वेळीं “धीर धरा, बाई” एवढेंच म्हटलें, आणि पुढल्या गांवची गाडी गांठावयाची म्हणून निघालों. वाटेंत मात्र त्या उत्तराची आम्हांस लाज वाटूं लागली. धीर धरा असें म्हणण्यास कांहींच पडत नाहीं. तो कां धरावा, आणि कोठें धरूं नये, हें सांगणें आमचें काम होतें व तें आम्हीं केलें नाहीं. तें येथें करूं पाहतों.

प्रथम देहाचा हिशेब पाहूं. मनुष्याच्या अंगांतील एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांकांचा सांठा असतो. त्या भगिनीनें सोडलेली चार चमचे साखर व एक भाकर मिळून दिवसाचे तीनशेंच्या आसपास उष्मांक होतील. तीन आठवड्यांचे झाले ६,३००. म्हणजे फार तर पाऊण किलोहून थोडी अधिक चरबी उतरली असावी. आतां, खारट लोणचें अधिक खाल्लें, तांब्याभर पाणी अधिक प्यालें, किंवा शौचास साफ झालें नाहीं, एवढ्यानेंच वजन एका दिवसांत किलोभर पुढेंमागें होतें. तेव्हां तिची तीन आठवड्यांची कमाई त्या पाण्याच्या हेलकाव्याखालीं दडून राहिली होती. ती नव्हती असें नव्हे. कांट्यास ती निवडून दाखवितां येत नव्हती.

ह्याच्या उलट, जो एकदम उपाशी राहतो त्याचें वजन पहिल्या आठवड्यांत झरझर उतरतें व त्यास मोठा हर्ष होतो. परंतु त्यांतील बराच भाग शरीरांत सांठविलेली साखर व तिच्यासंगतीं राहणारें पाणी एवढाच असतो. पुढें वेग मंदावला कीं तोच मनुष्य सर्वांआधीं निराश होतो. वजन फार वेगानें उतरविल्यानें पित्ताशयांत खडे होण्याचा संभवहि वाढतो, आणि चरबीबरोबर स्नायूहि झिजतात.

लंडन शहरांत विल्यम बँटिंग नांवाचा एक गृहस्थ प्रेतसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करीत असे. स्थूलपणामुळें त्यास आपल्या जोड्याचे बंद बांधतां येत नसत, आणि जिना उतरतांना तो पाठमोरा उतरे. त्यानें होडी वल्हविली, तों भूकच वाढली. पन्नास वेळां तुर्की पद्धतीचें बाष्पस्नान केलें, तों सहाच पौंड उतरले. शेवटीं १८६२ सालीं विल्यम हार्वी नामक कर्णवैद्यानें त्यास पाव, लोणी, दूध, साखर, बीअर व बटाटे सोडावयास सांगितलें. ऑगस्टांत त्याचें वजन २०२ पौंड होतें. सुमारें एका वर्षांत तें ४६ पौंडांनीं घटलें. म्हणजे सरासरी आठवड्यास एक पौंडाहून कमी! ही हकीकत त्यानें १८६३ सालीं पदरच्या खर्चानें छापून फुकट वाटली. (तो जेवणाबरोबर द्राक्षारस घेत असे, तेवढें आमच्या वाचकांनीं त्याच्यापासून शिकूं नये.) एका आठवड्याचा एक पौंड कोणाच्या डोळ्यांत भरणार? परंतु असे पन्नास आठवडे त्यानें सोडले नाहींत.

शास्त्रांत २ राजे ह्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत नामानाची कथा आहे. अलीशानें त्यास यार्देनेंत सात वेळां बुचकळ्या मारावयास सांगितलें, तेव्हां आज्ञा इतकी हलकी म्हणून त्या सेनापतीस राग आला. संदेष्ट्यानें कांहीं मोठें कृत्य सांगितलें असतें तर आपण तें केलें नसतें काय, असें त्याच्या चाकरांनीं विचारून त्यास ताळ्यावर आणिलें. तिसऱ्या किंवा पांचव्या बुचकळीनंतर त्याची त्वचा कशी होती, ह्याविषयीं शास्त्र कांहींच सांगत नाहीं. सहावी मारून तो काठावर आला असता तर तो अर्धा आज्ञाधारक ठरला असता, कीं मुळींच नाहीं? आम्हांस वाटतें, मनुष्य जेव्हां मोठा उपास पसंत करितो व रोजची एक भाकर सोडण्यास कंटाळतो, तेव्हां त्याच्या मनांत नामानाचाच अभिमान असतो.

परंतु येथें एक शंका निघते. आळशी मनुष्यहि धीर धरा असेंच म्हणतो! दोघांत भेद काय? आमच्या मतें तो असा कीं, धीर धरणारा हिशेबास भीत नाहीं. तीन महिन्यांनींहि कांहीं फरक नसेल, तर त्यानें आपण काय खातों तें प्रामाणिकपणें लिहून पाहावें, आणि डॉक्टरांस पुन्हां विचारावें. गलग्रंथीचा विकार असला तर तो रक्ततपासणींत कळतो. डोळे मिटून बसणें ही सहनशीलता नव्हे. जे मधुमेहासाठीं इन्सुलीन किंवा गोळ्या घेतात, त्यांनीं तर विचारल्यावांचून अन्न तोडूंच नये.

आपल्या खेड्यांत आणखी एक अडचण आहे. पाहुण्यानें एक घास अधिक घेतला नाहीं तर घरधनीण दुखावते, आणि कोणी रोड दिसूं लागलें कीं शेजारी आजाराची चौकशी करितात. ज्यांच्या वाडवडिलांनीं दुष्काळ सोसले त्यांना अंगावरचें मांस ही देवाची कृपा वाटावी ह्यांत नवल नाहीं. म्हणून ह्या कामीं घरच्यांनीं व मंडळीनें आग्रह कमी करणें हीहि एक सेवाच आहे.

कांटा हें एकच माप नव्हे. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ माणसें त्यांत होतीं. ज्यांना नुसता नेहमींचा उपदेश मिळाला त्यांच्यांतील शंभरांतील ५५ जणांस तीन वर्षांत मधुमेह जडला. ज्यांनीं आहार व चालणें सुधारलें त्यांच्यांतील ३९ जणांस. आणि ह्या दुसऱ्या वर्गाचें वजन म्हणण्यासारखें उतरलेंहि नव्हतें!

हें सर्व आम्हीं त्या भगिनीस पत्रानें कळविलें, आणि रोज कांट्यावर उभें न राहतां महिन्यांतून एकदां, त्याच वेळीं, उपाशी पोटीं वजन करावें असें सुचविलें. नाताळाच्या सुमारास तिच्या नातवानें लिहिलेलें उत्तर आलें. वजन दीड किलोनें उतरलें आहे, गुडघा अजून दुखतो, आणि आजी ओढ्याच्या पलीकडील चिंचेपर्यंत जाऊन येते, असें त्यांत होतें.