महागाईवर मत मागणाऱ्यांना

विधानसभेच्या निवडणुकीत महागाईवर मत न मागणारा पक्ष शोधून सापडणार नाही. १९६७ साली मद्रास राज्यात अण्णादुराईंच्या द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदूळ देऊ म्हणून सांगितले. १९८३ साली आंध्रात एन. टी. रामाराव दोन रुपये किलो तांदळाच्या बोलीवर जिंकले. आपल्याकडे महाराष्ट्रात १९९५ साली शिवसेना-भाजप युतीने पाच जीवनावश्यक वस्तूंचे भाव पाच वर्षे स्थिर ठेवण्याचे आणि रुपयात झुणका-भाकर देण्याचे वचन दिले. पुढे झुणका-भाकर केंद्रे बंद पडली आणि त्यांच्या जागांचे वाद मागे उरले.

२०२४ साली मात्र भाषा बदलली. भाव उतरवण्यापेक्षा हातात रोख देण्याची चढाओढ लागली. ‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना महिन्याला १,५०० रुपये मिळतच होते. महायुती २,१०० म्हणाली, महाविकास आघाडी ३,००० म्हणाली. ज्या बाईच्या हातात स्वतःचा म्हणून पैसा कधी आलाच नाही, तिच्यासाठी ही रक्कम मोठी आहे आणि त्या पैशाला कुणी नाक मुरडू नये. पण त्या रकमेने घरभाडे उतरत नाही, शाळेची फी उतरत नाही. महागाई आहे तिथेच राहते, फक्त ती सोसायला थोडा टेकू मिळतो.

मला या संदर्भात मृणाल गोरे वारंवार आठवतात. गोरेगावात पाण्यासाठी लढलेल्या, म्हणून ‘पाणीवाली बाई’. १९७२ साली त्या आमदार झाल्या, आणि त्याच वर्षी दुष्काळाच्या तोंडावर महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एका मोर्चात आल्या. हातात लाटणी, थाळ्या. त्यांचे मागणे मोघम नव्हते. तेल, साखर, रॉकेल रेशनवर वेळेत आणि पुरेसे का येत नाही, साठा कुणाच्या गोदामात दडवलाय, हे त्या नावानिशी विचारत आणि मंत्र्याला घेराव घालत. वस्तू कुठे अडली हे माहीत असल्याशिवाय भावाबद्दल बोलायचे नाही, ही शिस्त त्या आंदोलनात होती.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी आली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, आणि त्यासाठी पैसा उभा केला शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. राज्याच्या विधिमंडळाला काय करता येते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

आजचा उमेदवार कांद्या-तेलाबद्दल बोलतो. खाद्यतेलाचे आयात शुल्क आणि कांद्याची निर्यातबंदी दिल्लीत ठरते. शिवाय शहरात कांदा स्वस्त करायचा तर लासलगावच्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय येतो. २०२३ च्या डिसेंबरातली निर्यातबंदी नाशिक जिल्हा विसरलेला नाही. आमदाराने बोलायचे ते शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि गिऱ्हाइकाने मोजलेला भाव यांच्यामधल्या अंतराबद्दल, कारण बाजार समित्यांचा कायदा राज्याचा आहे.

आणि घरात येणारे लाईट बिल एकदा नीट बघा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि त्याखाली वीज शुल्क, १६ टक्के. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवतो, पण हे शुल्क राज्याचा कर आहे. टक्केवारीने लागत असल्यामुळे कोळसा महागून इंधन समायोजन वाढले की ग्राहकाचा भार वाढतो आणि त्याबरोबर सरकारचे उत्पन्नही वाढते. हे विधानसभेत बदलता येते. उत्पन्न घटेल, ते कुठून भरून काढणार, हेही सांगावे लागेल. पेट्रोलवरचा व्हॅट तसाच. घरभाड्याचा १९९९ चा कायदा राज्याचा. शाळांच्या फीचा २०११ चा कायदाही राज्याचा. त्यात पुढे अशी दुरुस्ती झाली की फीविरुद्ध दाद मागायला २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. आपल्या मुलाला शाळेत त्रास होईल या धास्तीने गप्प बसणाऱ्या आईबापांना इतके जण कुठून जमणार? ही अट मला सरळसरळ अन्यायाची वाटते.

सामान्य घराच्या पगाराचा बराच भाग अशाच गोष्टींत जातो: भाडे, वीज, फी, प्रवास, दवाखाना. बहुतेक सगळ्यांवर राज्याचा हात पोचतो. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा बाजाराला, माहेरी, दवाखान्यात जाणाऱ्या बाईचा खर्च खरोखरच निम्म्यावर आला. ठरवले तर होते.

पुढच्या वेळी कुणी महागाईच्या नावाने तुमच्या दारात आले, तर लाईट बिल समोर धरा आणि वीज शुल्काचे काय करणार ते विचारा. फीच्या कायद्यातली २५ टक्क्यांची अट काढणार का, हेही विचारा. उत्तर आकड्यांत मागा, आणि ते मिळेपर्यंत मत राखून ठेवा.